स्वयंचलित गाडीचे तांबडे तेल

‘स्वयंचलित’ हा शब्द ऐकावयास गोड आणि अर्थाने फसवा आहे. यंत्र आपले आपण चालते, एवढेच तो सांगतो. यंत्र आपली निगाही आपणच राखते, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. तथापि ऑटोमॅटिक गिअरची मोटार घरी आणणारी पुष्कळ मंडळी शब्दाचा हा दुसरा अर्थ गृहीत धरून चालतात. इंजिनाचे तेल ते वेळेवर बदलून घेतात, चाकांतील हवा पाहतात, पाण्याची टाकी पाहतात. परंतु गिअर बॉक्समध्ये तेल नावाचे काही असते, आणि त्याचीही कधी विचारपूस करावी लागते, याची आठवण त्यांना गाडी चौकात अडून बसते तेव्हाच होते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

उज्जैनच्या दक्षिणेस, इंदूर रस्त्याच्या बाजूला नानाखेडा ही वस्ती आहे. जुन्या शहरातील बोळांत मोटार उभी करावयास जागा नसते. येथील नव्या घरांपुढे मात्र ती असते. शिंद्यांच्या राजवटीपासून उज्जयिनीत रुजलेल्या मराठी कुटुंबांतही आता मोटार ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. त्यांतही ऑटोमॅटिक गाडीला पसंती मिळते ती बहुतकरून घरातील वडीलधाऱ्यांमुळे. डाव्या गुडघ्याने संप पुकारलेला असतो, क्लच दाबणे नकोसे झालेले असते. दोन पायडलांची गाडी आली म्हणजे सेवानिवृत्त गृहस्थाला पुन्हा एकट्याने इंदूरच्या इस्पितळापर्यंत जाता येते, गृहिणीला नातवंडांना शाळेतून आणता येते. अशा घरात गाडी बंद पडणे म्हणजे एक स्वातंत्र्यच बंद पडणे होय. शिवाय ऑटोमॅटिक गिअर बॉक्सच्या मोठ्या दुरुस्तीचा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि तो निवृत्तिवेतनाला पेलणारा नसतो. म्हणून या तेलाची ओळख करून घेणे हा केवळ हौशी लोकांचा छंद नव्हे; तो गृहव्यवस्थेचाच एक भाग आहे.

हे तेल करते तरी काय? साध्या गिअर बॉक्समध्ये तेलाचे काम प्रामुख्याने वंगणाचे. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेच सेवक, तेच निरोप्या आणि तेच पाणक्या. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये ‘टॉर्क कन्व्हर्टर’ नावाचे, मोठ्या भोपळ्यासारखे बंद पात्र असते. त्याच्या आत पात्यांची दोन चक्रे समोरासमोर बसविलेली असतात. टेबलावर दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एका चक्राला फिरविते, ते तेलाला भिरकावते, आणि तेल दुसऱ्या चक्राला फिरविते. मध्ये बसविलेले तिसरे, लहान चक्र परतणाऱ्या तेलाला योग्य वळण देते आणि त्यामुळे गाडी हलताना तिचा जोर वाढतो. जर्मन यंत्रविशारद हेर्मान फॉटिंगर यांनी या तत्त्वाचे पेटंट १९०५ साली घेतले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे मोटारी नव्हत्या, जहाजे होती. मोटारीत पूर्ण स्वयंचलित गिअर मोठ्या प्रमाणावर आणला तो अमेरिकेतील जनरल मोटर्सने. त्यांची ‘हायड्रामॅटिक’ ही रचना १९३९ साली जाहीर झाली आणि १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर विकली गेली.

टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे दातेरी चक्रांचे संच असतात. कोणता संच कधी धरावयाचा आणि कधी सोडावयाचा, हे काम घर्षणाच्या तबकड्या करतात, आणि त्या तबकड्यांना दाबून धरणारा जोर पंपाने दाबलेल्या याच तेलाचा असतो. म्हणजे गिअर बदलणारा अदृश्य हात हा तेलाचाच हात आहे. त्याशिवाय दात्यांना वंगण देणे, उष्णता वाहून रेडिएटरपाशी नेणे आणि तबकड्यांना नेमके हवे तेवढेच घर्षण मिळवून देणे, ही कामेही त्याच्याच वाट्याला आलेली आहेत. फार निसरडे झाले तर तबकड्या घसरतात. पुरेसे निसरडे नसेल तर गिअर धक्का देऊन पडतो. हा तोल साधावा म्हणून एके काळी या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळीत असत. १९७०च्या सुमारास त्या देवमाशाच्या रक्षणाचे कायदे झाले, आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याची जागा घेणारी द्रव्ये शोधावी लागली. तेलाला तांबडा रंग दिला जातो तोही सहेतुक. गाडीखाली डाग पडला, तर तो इंजिनाच्या तेलाचा की गिअरच्या तेलाचा, हे चटकन ओळखता यावे, एवढाच त्याचा उद्देश.

तेल तपासावयास निघण्यापूर्वी एक प्रश्न सोडविला पाहिजे : दारातील गाडी नेमकी कोणत्या जातीची आहे? भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली निदान चार निरनिराळ्या रचना विकल्या जातात. टॉर्क कन्व्हर्टरची रचना वर सांगितलीच. दुसरी ‘ए.एम.टी.’ ; मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओ गाडीबरोबर ती सामान्य ग्राहकाच्या आटोक्यात आणली. हिच्यात गिअर बॉक्स साधाच असतो, केवळ क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा असतो. तेव्हा तिला तांबडे तेल लागतच नाही, गिअर बॉक्सला साध्या गिअरचेच तेल लागते. तिसरी ‘सी.व्ही.टी.’ ; हिच्यात दातेरी चक्रांऐवजी दोन कप्प्या व त्यांवर पोलादी पट्टा असतो आणि तिचे तेल वेगळेच असते. चौथी दोन क्लचांची ‘डी.सी.टी.’, तिचेही तेल स्वतंत्र. सी.व्ही.टी.मध्ये टॉर्क कन्व्हर्टरचे तेल ओतले तर पट्टा घसरू लागतो आणि थोड्याच दिवसांत गिअर बॉक्स निकामी होतो. दुकानदाराने ‘ऑटोमॅटिकचे तेल’ म्हणून पुढे केलेला डबा या एका कारणासाठी डोळे झाकून घेता कामा नये. गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तकात तेलाचे नाव छापलेले असते. कोठे ‘डेक्स्रॉन’, कोठे टोयोटाचे ‘डब्ल्यू.एस.’, कोठे होंडाचे ‘डी.डब्ल्यू.-१’, कोठे ह्युंदाईचे ‘एस.पी.-४’. डब्यावरील नाव आणि पुस्तकातील नाव यांची गाठ पडल्याखेरीज डब्याचे बूच उघडू नये.

दुसरा प्रश्न : गाडीला डिपस्टिक, म्हणजे तेल मापण्याची पट्टी, आहे काय? जुन्या बऱ्याच गाड्यांत ती बॉनेटखाली सापडते. नव्या अनेक गाड्यांत ती काढून टाकलेली आहे. तेथे गाडी चारी चाकांवर सपाट उचलून, तेलाचे तापमान विशिष्ट अंशांवर असताना, खालचे बूच उघडून तेल थेंबथेंब येते की नाही हे पाहावे लागते. हे काम घरच्या अंगणात, जॅकवर तिरक्या टेकविलेल्या गाडीखाली शिरून करावयाचे नव्हे. माप चुकते हा एक दोष. जॅक सरकला तर जीव जातो, हा दुसरा. अशा गाडीच्या मालकाने वर्षातून एकदा चांगल्या वर्कशॉपमध्ये ते पाहून घ्यावे आणि घरी केवळ डागांवर लक्ष ठेवावे.

पट्टी असलेल्या गाडीची तपासणी मात्र सुशिक्षित माणसाला घरी निश्चित करता येते. तिच्यातील मर्म मापनाचे आहे, आणि मापनाचा धडा उज्जयिनीला कोणी शिकवावयास नको. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा ज्या नगरीतून कल्पिली, त्या नगरीत सवाई जयसिंहांनी उभारलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राटयंत्राची सावली उज्जयिनीची स्थानिक वेळ दाखविते. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ती स्थानपरत्वे सुमारे २७ मिनिटांनी मागे असते, आणि सूर्याच्या गतीमुळे तीत ऋतुमानाप्रमाणे आणखी थोडा फरक पडतो. सावली खोटे बोलत नाही. तिच्यात हे संस्कार न करता ती मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहणारा चुकतो. गिअरच्या पट्टीचेही तेच आहे. ती कोणत्या स्थितीत वाचली, यावर तिच्या बोलण्याचा अर्थ अवलंबून असतो.

पहिली अट उष्णतेची. तेल तापले की फुगते; थंड असताना पट्टीवर कमी दिसणारे तेल तापल्यावर पुरेसे भरते. म्हणून पट्टीवर ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ अशा दोन खुणा असतात, आणि भरवसा ठेवावयाचा तो ‘हॉट’वर. नानाखेड्याहून इंदूरच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे गाडी शांतपणे फिरवून आणली म्हणजे तेल कामाच्या उष्णतेला येते. मात्र श्रावणी सोमवारच्या गर्दीतून दोन तास रखडत आलेली किंवा भर वैशाखात भरधाव चाललेली गाडी लगेच तपासू नये. अर्धा तास तिला निवू द्यावे. दुसरी अट जमिनीची. गाडी अगदी सपाट जागी उभी हवी. घरापुढील उतार तेलाची पातळी बदलवितो. तिसरी अट इंजिनाची. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच माप घ्यावयाचे असते, कारण पंप चालू असतानाच तेल आपापल्या जागी पोहोचलेले असते. होंडाच्या काही गाड्यांत नेमके उलटे. इंजिन बंद करून एक-दीड मिनिटाच्या आत माप घ्यावे असे त्यांचे पुस्तक सांगते. येथे शेजाऱ्याचा अनुभव प्रमाण मानू नये, पुस्तक मानावे.

आता प्रत्यक्ष कृती. हॅन्डब्रेक पूर्ण ओढावा, चाकांना विटा लावाव्यात, मुलांना दूर ठेवावे. गाडी बंद गॅरेजमध्ये नसावी. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, पण तो प्राण घेतो. पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्यावी, कारण समोर पंखा आणि पट्टे फिरत असतात. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा ‘पी’पासून खालपर्यंत प्रत्येक स्थानावर दोन-तीन सेकंद थांबवीत न्यावा आणि परत ‘पी’वर आणावा. पट्टीच्या नळीभोवतीची धूळ पुसून घ्यावी. माळव्याच्या काळ्या मातीची चिमूटभर धूळही आतील अरुंद मार्गांना जाचक होते. मग पट्टी बाहेर काढावी, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसावी, पुन्हा पुरती आत घालावी आणि काढून वाचावी. जुन्या धोतराची चिंधी किंवा गॅरेजमधील सुताचे वेस्ट येथे वापरू नये. त्यांचे तंतू आत जातात. दोन्ही बाजूंनी वाचून जी पातळी खाली दिसेल ती खरी धरावी, आणि खात्रीसाठी सारी कृती पुन्हा एकदा करावी.

पातळीइतकाच रंग बोलका असतो. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपून पाहावा. स्वच्छ तांबडा व पारदर्शक असेल तर प्रकृती उत्तम. तपकिरी छटा आली असेल तर वय झाले. काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल, तर आत तबकड्या जळू लागल्या आहेत, असे समजावे. थेंबात चकाकणारे धातूचे कण दिसले, तर दुरुस्ती वर्कशॉपची. आणि तेल गुलाबी दुधासारखे झाले असेल, तर ते सर्वांत वाईट चिन्ह : रेडिएटरमधील पाणी तेलात शिरलेले आहे. अशी गाडी एक मैलही चालवू नये.

तेल कमी आढळले तर नळीत लांब तोंडाचे स्वच्छ नरसाळे बसवून ते भरावे. पण एका वेळी शंभर-दोनशे मिलिलिटरच. पट्टीवरील दोन ‘हॉट’ खुणांमधले अंतर दिसावयास बोटभर, पण अनेक गाड्यांत ते अर्धा लिटर किंवा त्याहूनही कमी तेलाचे असते. थोडे ओतावे, दांडा पुन्हा सर्व स्थानांवरून फिरवावा, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग माप घ्यावे. घाई करणाऱ्याच्या हातून हटकून जास्त पडते. ‘जास्त झाले तर बिघडले कोठे?’ हा प्रश्न येथे महागात पडतो. तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तेल जास्त असेल तर फिरणारी चक्रे त्यात बुडतात, ताक घुसळावे तसे ते घुसळून काढतात, आणि त्याचा फेस होतो. फेस म्हणजे पुन्हा हवाच. हवा दाबली जाते, म्हणून दाब टिकत नाही, तबकड्या घसरतात, जळतात. उणे आणि अधिक या दोन्ही वाटा अशा रीतीने एकाच खड्ड्यात जाऊन पडतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे. इंजिन थोडे तेल खाते, हे सर्वांना ठाऊक आहे; गिअर बॉक्स तेल खात नाही. तेथे तेल कमी झाले याचा अर्थ ते कोठून तरी गळत आहे. एकदा भरून भागले, महिन्याने पुन्हा भरले, असे ज्याचे चालले असेल, तो रोग्याला औषध न देता केवळ जखम पुसत आहे. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर स्वच्छ पाण्याचा डाग असेल तर तो वातानुकूलन यंत्राचा, निरुपद्रवी. तांबडा डाग असेल तर बोटाने चोळून पाहावा. रेडिएटरमध्ये घालावयाचे कूलंटही काही गाड्यांत तांबडे असते. ते पाण्यासारखे पातळ लागते, तेल बोटावर तेलासारखेच राहते.

तेल बदलावे केव्हा? याला एक उत्तर नाही. अनेक कारखाने ६० हजार ते १ लाख किलोमीटरची मर्यादा घालतात, कोणी कधीच बदलू नये म्हणतात. पण बहुतेकांच्या पुस्तकात बारीक अक्षरांत ‘कठीण वापरासाठी’ निराळी, कमी मुदत दिलेली असते. उन्हाळ्यात ४० अंशांवर जाणारे हवामान, रांगत जाणारी वाहतूक आणि भरलेली गाडी, हे सारे त्या ‘कठीण वापरा’तच येते. २०२२च्या ऑक्टोबरात महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून सणावारी उज्जैनच्या रस्त्यांवरील वाहनांची रांग ज्याने पाहिली असेल, त्याला हा वापर कठीण नव्हे असे म्हणता येणार नाही. कामाची मर्यादा ओलांडून तेलाची उष्णता दर दहा अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. मात्र खालच्या चेंबरचे बूच काढल्याने सगळे तेल उतरत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून जितके निघाले तितके मोजून ठेवावे व तितकेच भरावे, हा नियम. चेंबर उतरवून जाळी साफ करणे हे मात्र जाणत्या मिस्त्रीचे काम.

गाडी रस्त्यात बंद पडली तर मदतीला धावणारे हात आपल्याकडे पुष्कळ. कोणी तरी दोर बांधतो आणि ओढू लागतो. ऑटोमॅटिक गाडीच्या बाबतीत हा उपकार घातक ठरतो. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की गिअर बॉक्सचे भाग वंगणावाचून फिरतात. अशी गाडी चालविणारी चाके उचलूनच किंवा ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. हे एक वाक्य ध्यानात राहिले तरी एखाद्या कुटुंबाचे लाखभर रुपये वाचतील.

उरला प्रश्न काढलेल्या तेलाचा. वापरलेले तेल हा भारताच्या २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते अंगणात ओतले, नालीत सोडले, तर ते नाहीसे होत नाही. इंदूर रस्त्यावर त्रिवेणीपाशी खान नदी क्षिप्रेला मिळते, आणि इंदूरच्या सांडपाण्याने खानेची जी दशा केली, तिचा जाच क्षिप्रेला सोसावा लागतो, हे उज्जैनकरांना सांगावयास नको. २०१४ साली नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणले गेले; २०२८ साली सिंहस्थासाठी लक्षावधी लोक त्याच प्रवाहात स्नान करतील. ज्या घरातून मंडळी पहाटे रामघाटावर जातात, त्याच घरातून लिटरभर काळे तेल नालीत जावे, ही विसंगती धर्माच्या दृष्टीने जितकी वाईट तितकीच आरोग्याच्या दृष्टीने. काढलेले तेल रिकाम्या डब्यात भरून, बूच लावून, ते गोळा करणाऱ्या सर्व्हिस स्टेशनवर पोहोचवावे; शुद्ध करून त्याचा पुन्हा उपयोग होतो.

या साऱ्यासाठी लागते ते थोडे : वर्षातून दोनदा अर्ध्या तासाची सवड, स्वच्छ कापड, एक नरसाळे आणि माहितीपुस्तक वाचण्याचा संयम. जे घरी करावयाचे ते पाहणे, पुसणे, मोजणे आणि थोडे भरणे. जे घरी करावयाचे नाही ते गाडीखाली शिरणे, चेंबर उघडणे आणि अंदाजाने तेल निवडणे. ही सीमारेषा ज्याने ओळखली, त्याला मिस्त्रीचे भय वाटत नाही आणि मिस्त्रीवाचून अडतही नाही. मिस्त्रीसुद्धा अशा ग्राहकाशी जपून आणि सचोटीने बोलतो. दर तपासणीची तारीख, किलोमीटरचा आकडा आणि तेलाचा रंग वहीत टिपून ठेवण्याची सवय लावली, तर गिअर बॉक्सची कुरकुर कानांवर येण्याआधी ती कागदावर दिसू लागते, आणि त्या वेळी ती दूर करणे स्वस्तही असते.